ऑटिझम असलेल्या मुलांच्या शिक्षकांसाठीचं ट्रेनिंग (पुणे) – करावं का? माझा सविस्तर रिव्ह्यू

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत तिसरीला शिकवते. पट चाळीसच्या वर आहे आणि यंदा वर्गात ऑटिझम असलेली दोन मुलं आहेत. एक मुलगा भरभरून बोलतो, वनाझपासून रामवाडीपर्यंतची मेट्रो स्टेशनं न चुकता क्रमाने म्हणतो, आणि एक मुलगी आहे जी मोजकेच शब्द बोलते. कोथरूडच्या एका संस्थेत शिक्षकांसाठीचं ऑटिझमचं ट्रेनिंग या वर्षी केलं, शनिवार-रविवारची बॅच होती, आणि तेव्हापासून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर "कसा आहे कोर्स, करू का, पैसे वसूल होतात का" असं सारखं कोणी ना कोणी विचारतंय म्हणून एकदाच नीट लिहिते. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण चांगलं आणि खटकलेलं दोन्ही मोकळेपणाने लिहायचंय, आणि असे कोर्स पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी चालतात, त्यामुळे काय बघून घ्यायचं हे कळणं जास्त उपयोगाचं.

आधी निकाल सांगते. कोर्समध्ये ट्रेनर तुमच्या स्वतःच्या वर्गात येऊन बसणार असतील तर जरूर करा, पदरचे पैसे घालून करा. नुसतं हॉलमध्ये बसून स्लाइड्स बघायच्या असतील तर एवढे पैसे घालवू नका, ती माहिती फुकट मिळते.

फुकट म्हणजे खरंच फुकट. दीक्षा या सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवर निष्ठाचे म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स आहेत, त्यात समावेशक शिक्षणावर मॉड्यूल आहे, ते आपल्यापैकी बहुतेकांनी केलेलं असणार. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, कोणत्या मुलाला तपासणीसाठी पाठवायची गरज असू शकते हे शाळेच्या पातळीवर लक्षात यावं म्हणून. माहिती म्हणून हे सगळं चांगलं आहे. पण ऐन तासाला मूल बाकाखाली जाऊन कान दाबून बसलंय आणि बाकीचा वर्ग तुमच्याकडे बघतोय, तेव्हा पुढच्या दोन मिनिटांत काय करायचं हे व्हिडिओ बघून येत नाही, ते कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

आणि शिकायचं कशाला, त्यासाठी स्पेशल एज्युकेटर, म्हणजे विशेष शिक्षक, आहेत ना, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत त्यात ऑटिझम आहे, आणि अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि सगळ्यांबरोबर शिकवायचं ही शाळेची जबाबदारी आहे, ही मेहेरबानी नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाणसुद्धा सांगितलं. पण आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षिकेकडे अनेक शाळा आहेत, ती बिचारी येते तेव्हा जीव ओतून करते पण बाकीचे दिवस ते मूल माझ्या वर्गात माझ्यासमोर असतं. मग शिकायला मलाच हवं ना.

आता कोर्सबद्दल. सुरुवातीचं सत्र म्हणजे ऑटिझम म्हणजे काय, १९४३ मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांचं केलेलं वर्णन, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, ॲस्पर्जर वगैरे वेगळी नावं जाऊन सगळं एका स्पेक्ट्रममध्ये कसं आलं, आपल्याकडे दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, असं सगळं. ठीक होतं. निम्म्या वेळात झालं असतं, कारण समोर बसलेल्या सगळ्याजणी वर्गात हे रोज बघणाऱ्या होत्या.

खरी मजा दुसऱ्या सत्रापासून. ट्रेनर मॅडमनी आम्हाला सांगितलं की तुमच्या वर्गातल्या रोजच्या सूचना जशा तोंडातून निघतात तशाच कागदावर लिहा. मग एकेक वाचायला लावली. "शहाण्यासारखं बस." "काय चाललंय मागे?" "डोळे कुठे आहेत तुझे?" "आता पुन्हा केलंस तर बघ." मॅडम म्हणाल्या, यातल्या एका तरी वाक्यात मुलाने नेमकं काय करायचंय ते आहे का? एकाही वाक्यात नव्हतं. मग सगळ्यात जास्त चर्चा रंगली ती आपल्या लाडक्या "हाताची घडी, तोंडावर बोट"वर. ही सूचना स्पष्ट आहे, मुलं ऐकतात, पण ती संपते कधी हे आपण सांगत नाही, बाकीची मुलं आपला चेहरा बघून हळूच हात सोडतात आणि ऑटिझम असलेलं एखादं मूल तसंच बसून राहतं, आणि मग वही काढली नाही म्हणून बोलणी खातं. त्यामुळे सूचना देताना काय करायचं, किती वेळ, आणि झाल्यावर पुढे काय, एवढ्या तीन गोष्टी सांगायच्या. "शहाण्यासारखं बस" ऐवजी "खाली बस, वही काढ, तारीख लिही, लिहून झालं की मला दाखव." आणि बोलून झाल्यावर थांबायचं! लगेच तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत परत म्हणायचं नाही, कारण त्याचं पहिलं वाक्य पोटात जातंय तोवर आपण दुसरं टाकतो आणि त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी हे दुसऱ्याच दिवशी वर्गात सुरू केलं आणि खरं सांगते, फायदा फक्त त्या दोघांना नाही झाला, मागच्या बाकावरच्या अर्ध्या वर्गाला झाला.

मग साहित्य बनवण्याचं सत्र, आणि याच्यासाठी मी या संस्थेला पैकीच्या पैकी मार्क देईन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत एरिक शॉप्लर यांनी टीच नावाची पद्धत उभी केली, १९७२ पासून ती त्या राज्यभर चालते, तिचा गाभा असा की मुलाला बदलायच्या मागे लागण्याआधी त्याच्या भोवतालची मांडणी त्याला कळेल अशी करा. कुठे बसायचं, आता काय आहे, नंतर काय आहे, किती करायचंय, झालं हे कसं कळणार, हे सगळं डोळ्यांना दिसलं पाहिजे. ऐकलेलं हवेत विरून जातं, दिसणारं समोर राहतं. आम्ही प्रत्येकीने तिथे बसून आपल्या शाळेची चित्रपट्टी बनवली. परिपाठ, मराठी, गणित, छोटी सुट्टी, खिचडी, खेळ, घरी. मॅडमचा आग्रह असा की इंटरनेटवरची कार्टून नकोत, आपल्या शाळेचेच फोटो हवेत, म्हणजे परिपाठ म्हणजे आपल्याच मैदानावरच्या रांगा आणि खिचडी म्हणजे आपल्याच शाळेतलं ते मोठं पातेलं. फोटोचे कार्ड लॅमिनेट करायचे, कोपरे गोल कापायचे नाहीतर टोचतात, मागे वेल्क्रो. वेल्क्रोची एक बाजू खरखरीत आणि एक मऊ असते, कार्डाला कोणती आणि पट्टीला कोणती हे एकदा ठरवलं की शाळाभर तेच ठेवा, नाहीतर एका वर्गातलं कार्ड दुसऱ्या वर्गातल्या पट्टीला चिकटत नाही. हे कुठल्याही पुस्तकात नाही वाचलं मी! तयार किट ऑनलाइन फार महाग मिळतात, ती घेऊ नका, अप्पा बळवंत चौकात कार्डशीट आणि लॅमिनेशन होतं आणि वेल्क्रोचा रोल रविवार पेठेत मिळतो, किरकोळ खर्चात वर्षभराचं काम होतं.

पट्टी लावली आणि लगेच जादू झाली असं नाही हां. माझ्या वर्गातली ती मुलगी सुरुवातीला सगळे कार्ड काढून दप्तरात भरायची. ट्रेनर म्हणाल्या, पूर्ण दिवसाची पट्टी तिच्यासाठी फार लांब आहे, फक्त दोन कार्ड ठेवा, आत्ता आणि नंतर. ते जमलं. आता गणित झालं की स्वतः कार्ड काढते, झालंच्या डबीत टाकते आणि पुढच्या कार्डावर बोट ठेवून माझ्याकडे बघते. दिवसातून कितीही वेळा बघितलं तरी मला ते बघायला फार आवडतं.

बोलण्याबद्दलचं सत्रही चांगलं होतं. १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी काढलेली पेक्स पद्धत, म्हणजे मूल चित्राचं कार्ड समोरच्याच्या हातात देतं आणि त्याबदल्यात हवी ती वस्तू मिळवतं, मग हळूहळू वाक्य बनवतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, चित्रावर दाबलं की बोलतं, मराठीतही आहे, तेही दाखवलं. आमच्याकडे पालकांची आणि शिक्षकांचीसुद्धा एक पक्की भीती असते की चित्रं दिली तर मूल बोलायचंच बंद होईल. संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढतं. हे ट्रेनरनी पालकांसमोर ठामपणे सांगितलं हे बरं झालं, कारण बाई म्हणून मी सांगितलं की "बाई, तुम्ही तिला बोलायला लावा ना" एवढंच उत्तर यायचं.

आणि आता ज्यासाठी मी हा कोर्स करा म्हणते ते. वर्गभेट. ट्रेनर आमच्या शाळेत आल्या, मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या वर्गातला मेट्रोवाला मुलगा मधूनच जोरात किंचाळायचा, वही भिरकावायचा, स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत की लिहायचा कंटाळा, घरी लाडावलेला. कोर्समध्ये आम्हाला तीन रकान्यांचा तक्ता शिकवला होता, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. त्यात मत लिहायचं नाही. "चिडला" असं लिहायचं नाही, "वही समोरच्या बाकावर फेकली" असं लिहायचं. माझे भरलेले तक्ते आणि ट्रेनरच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि पहिल्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली: फळा पुसला. तो मुलगा फळ्यावरची एकेक ओळ अगदी मन लावून, रेघेला रेघ लावून उतरवतो, त्याची चौथी ओळ चाललेली असते आणि डस्टर फिरतं. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य डोळ्यांदेखत नाहीसं होतं. लिखाण टाळायला नाही, लिखाण पूर्ण करायला मिळत नाही म्हणून तो किंचाळत होता!

उपाय काय केला तर फळ्याच्या उजव्या बाजूला खडूने उभी रेघ मारली, रेघेपलीकडचं पुसायचं नाही. त्याच्या बाकावर एक कार्ड, एका बाजूला "लिहितोय" आणि दुसऱ्या बाजूला "झालं". त्याने उलटवलं की तोच उठून तेवढा भाग पुसतो. किंचाळणं पूर्ण थांबलं का, तर नाही. चित्रकलेच्या तासाला दुसऱ्या बाई येतात, त्यांनी एकदा सगळा फळा पुसला आणि परत तेच झालं, मग ती रेघ सगळ्या शिक्षकांना समजावून सांगितली. पण पूर्वीच्या मानाने फरक एवढा आहे की मुख्याध्यापकांनी स्वतःहून विचारलं, त्या मॅडमना सगळ्या शिक्षकांसाठी एक दिवस बोलवता येईल का.

ही गोष्ट हॉलमध्ये बसून कुणालाच सापडली नसती. तिथे केस स्टडी म्हणून जी मुलं सांगतात ती कागदावरची असतात.

अजून एक सत्र फार मोलाचं होतं. ऑटिझम असलेला एक तरुण आला होता, नोकरी करतो, त्याने शाळेतले अनुभव सांगितले. तो म्हणाला की बाई विचारायच्या "कळलं का?" आणि मी "हो" म्हणायचो, कारण "हो" म्हटलं की प्रश्न संपायचा. कळलंय का याच्याशी त्याचा संबंध नव्हता. डोळ्यांत बघून बोल असं सारखं सांगायचे, तर बघायचं का ऐकायचं यातलं एकच जमायचं असं तो म्हणाला. सगळा हॉल गप्प होऊन ऐकत होता. मला वाटतं हे सत्र पहिल्या दिवशी ठेवायला हवं, कॅनर वगैरे नंतर, कारण हे ऐकून झाल्यावर बाकीचं सगळं शिकणं वेगळं होतं.

गणपतीच्या तयारीचा विषय कुणीतरी काढला आणि तोही छान रंगला. पुण्यात पावसाळ्यात ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की आमच्या भागात शाळा सुटायच्या वेळेला आवाज असतोच, आणि शाळेचीही मिरवणूक असते. कॅरल ग्रे यांनी १९९१ च्या सुमारास आणलेल्या सोशल स्टोरीच्या धर्तीवर आम्ही मराठीत गोष्ट लिहिली, मुलाच्या तोंडची, फोटो लावून. "आज शाळेत मिरवणूक आहे. ढोल वाजतील. आवाज मोठा असतो. मी कानावर हेडफोन लावू शकतो. मला नको वाटलं तर मी वाचनालयात बसू शकतो. ढोल थांबले की आपण प्रसाद घेऊ." आदल्या दिवसांपासून रोज वाचायची. यात धमकी नाही, उपदेश नाही, काय होणार आणि तुझ्याकडे काय पर्याय आहेत एवढंच. आणि पर्याय खरा हवा, वाचनालय खरंच उघडं हवं, हे मॅडमनी दोनदा बजावलं.

आता खटकलेलं.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे कोर्स आखलाय सात-आठ मुलांच्या वर्गाच्या हिशोबाने. शांत कोपरा करा म्हणे. आमच्या वर्गात बाकांमधून चालायला जागा नाही, कोपरा कुठून आणू? हा प्रश्न आम्ही तिघी-चौघींनी विचारला तेव्हा उत्तर आलं की "मॅनेजमेंटशी बोला". हे उत्तर पुरेसं नाही. शेवटी आमच्यातल्याच हडपसरकडच्या एका बाईंनी मार्ग सांगितला, की बाक भिंतीकडे वळवून एका बाजूला कपाट आलं तरी आडोसा होतो, आणि पाणी आणायला पाठवणं हीसुद्धा विश्रांतीच असते. मोठ्या पटाच्या शाळेत प्रत्यक्ष शिकवणारी एक तरी ट्रेनर टीममध्ये असायलाच हवी.

दुसरं, बोलणं मराठीत पण छापील नोट्स सगळ्या इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना, पालकांना हे द्यायचं कसं? मी माझ्यापुरतं भाषांतर करून घेतलं, संस्थेलाही पाठवलंय, पुढच्या बॅचला वापरतील असं म्हणाले आहेत.

तिसरं, बक्षिसांवरचं सत्र मला अजिबात पटलं नाही. प्रत्येक गोष्टीला बिस्किट किंवा टोकन. काही ठिकाणी उपयोग होतो हे मान्य, पण मूल कान दाबून बसलंय आणि आपण त्याला कान न दाबल्याबद्दल स्टार द्यायचा, हे चुकीचं आहे, आवाज कमी करायला हवा. मी तिथे हे बोलले आणि चर्चाही झाली, पण वेळ संपला म्हणून ती अर्धवट राहिली.

फी पाच आकडी आहे आणि आमच्यापैकी बहुतेकींनी ती स्वतःच्या खिशातून भरली. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय, तर असा कोर्स त्यात धरता येईल का आणि फीचा काही भाग शाळा देईल का हे मुख्याध्यापकांना आधीच लेखी विचारा. नंतर विचारून काही होत नाही.

सर्टिफिकेटबद्दल नीट समजून घ्या कारण यात खूप जणी फसतात. असा छोटा कोर्स करून कोणी स्पेशल एज्युकेटर होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला डी.एड. किंवा बी.एड. स्पेशल एज्युकेशन करावा लागतो आणि मग आरसीआयचा नोंदणी नंबर मिळतो. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना नूतनीकरणासाठी सीआरई पॉइंट्स, म्हणजे पुढचं प्रशिक्षण घेत राहिल्याचे गुण, लागतात, तर कोर्सला ते पॉइंट आहेत का हे जाहिरातीवर विश्वास न ठेवता आरसीआयच्या वेबसाइटवर बघा. मी साधी वर्गशिक्षिका आहे, मला पॉइंट नको होते, पण माझ्याबरोबरची एकजण पॉइंटसाठी आली होती आणि तिला शेवटी कळलं की या बॅचला ते नाहीत. हे फॉर्मवरच ठळक लिहायला हवं होतं. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणाऱ्या, म्हणून काम करणाऱ्या मुलीही बॅचमध्ये होत्या, त्यांना मात्र याचा उपयोग नक्की होईल, कारण त्यांना बहुतेक ठिकाणी काहीच न शिकवता थेट मुलाशेजारी बसवलेलं असतं.

पाचपैकी मी चार देईन, कापलेला एक मोठ्या पटाचा विचार न केल्याबद्दल.

दुसरीकडे कुठे करणार असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: वर्गभेटी आहेत का आणि नंतर अडलं तर कोणाला विचारायचं, ऑटिझम असलेल्या प्रौढ व्यक्तीचं सत्र आहे का, साहित्य आपल्या हाताने बनवून घेतात का, नोट्स मराठीत मिळतील का. वर्गभेटीचं "बघू, जमेल तसं" असं सांगत असतील तर ते फॉर्मवर लिहून मागा. शाळेतून दोघी मिळून गेलात तर फार बरं पडतं, एकीने केलेलं दुसऱ्या तासाला पुसलं जात नाही. फोटोच्या पट्टीचं मराठी टेम्प्लेट मी बनवलंय, कोणाला हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.